गणिताच्या चाचणीला दुखणारे पोट

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सकाळचे साडेनऊ वाजले होते. सातवीत शिकणाऱ्या एका मुलीला घेऊन तिचे वडील दवाखान्यात आले. मुलीच्या अंगात शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर आणि दोन्ही हात पोटावर. "डॉक्टर, हिचं पोट परत दुखतंय. दोन महिन्यांत ही तिसरी वेळ," वडील म्हणाले. त्यांच्या हातात एक जाड फाइल होती. रक्त तपासून झाले होते, लघवी तपासून झाली होती, जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन सोनोग्राफीही झाली होती. सर्व अहवाल निर्दोष. जंताचे औषध दोनदा देऊन झाले होते, आम्लपित्ताच्या गोळ्या महिनाभर चालू होत्या. आजींनी दृष्टही काढली होती.

मी पोट तपासले. पोट मऊ होते, कुठे कडकपणा नाही, ताप नाही. "कुठं दुखतं गं नेमकं?" असे विचारल्यावर तिने बेंबीवर तळहात ठेवला. मग सहज विचारले, "आज शाळेत काय आहे?" मुलगी गप्प. उत्तर वडिलांनी दिले. "आज गणिताची घटक चाचणी आहे. पण त्याचा काही संबंध नाही डॉक्टर. रात्री साडेअकरापर्यंत मी स्वतः बसून चाळीस उदाहरणं सोडवून घेतलीत. सगळी येत होती तिला."

निदान करायला मला यापेक्षा जास्त काही लागले नाही.

आरोग्याच्या सदरात गणित कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु घटक चाचणीच्या आठवड्यात कोणत्याही गावातील मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊन बसावे. पोटदुखी, डोकेदुखी, मळमळ, सारखे लघवीला लागणे, रात्री झोपेत दचकणे, अशा तक्रारींची रांग लागलेली दिसेल. यातील पुष्कळ मुलांना माझ्याजवळच्या औषधाची गरज नसते. त्यांचा सराव ज्या पद्धतीने होतो ती पद्धत बदलण्याची गरज असते. आज त्याविषयीच लिहिणार आहे.

दुखणे खोटे नसते

पहिली गोष्ट ही की, असे मूल नाटक करत नसते. आतड्यांच्या भिंतीत मज्जातंतूंचे दाट जाळे असते आणि त्याचा मेंदूशी सतत संवाद चालू असतो. भीती वाटली की शरीरात ॲड्रिनलिन वाढते, आतड्यांकडचा रक्तपुरवठा कमी होऊन तो स्नायूंकडे वळतो, आतड्यांची हालचाल बिघडते. पोटात मुरडा येतो तो अगदी खरा. परीक्षेच्या दिवशी सकाळी दोन-तीन वेळा शौचाला जाणारे मोठे लोकही आपण पाहतो. मग लहान मुलांनीच काय गुन्हा केला?

ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ डॉ. जॉन ॲपली यांनी १९५० च्या दशकात शाळकरी मुलांच्या वारंवार होणाऱ्या पोटदुखीचा अभ्यास केला. दहा मुलांत साधारण एकाला अशी पोटदुखी असते आणि त्यांतील फारच थोड्यांच्या पोटात खरोखर आजार सापडतो, असे त्यांना आढळले. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितकी आजाराची शक्यता जास्त, हा त्यांचा ठोकताळा डॉक्टर मंडळी अजून वापरतात.

पण येथे एक इशारा दिलाच पाहिजे. पोटदुखीने मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, शौचातून रक्त पडत असेल, उलट्या थांबत नसतील, ताप असेल, लघवीला जळजळ होत असेल किंवा दुखणे उजव्या बाजूला खाली सरकले असेल तर "चाचणीची भीती" म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रविवारी आणि मे महिन्याच्या सुटीत पोट दुखते का, हा प्रश्न मी प्रत्येक पालकाला विचारतो. त्या मुलीचे सुटीत एकदाही दुखले नव्हते.

भीतीने जागा अडवली की

आता त्या चाळीस उदाहरणांकडे वळू. रात्री येत होती, मग सकाळी भीती कशाची? आणि पेपरात ती चुकतात का?

आपल्या मेंदूत एक तात्पुरती स्मृती असते. स्वयंपाकघरातील ओट्यासारखी ती समजावी. डबे फडताळात कितीही असोत, फोडणी देताना लागेल तेवढेच सामान ओट्यावर मावते. दोन अंकी गुणाकार करताना हातचा लक्षात ठेवणे, मधले उत्तर धरून ठेवणे, पुढची पायरी आठवणे, हे सर्व त्या लहानशा ओट्यावर चालते. मूल घाबरलेले असले की "मला येणार नाही, बाबा काय म्हणतील, बाई सगळ्यांसमोर गुण वाचतील" हे विचारही त्याच ओट्यावर येऊन बसतात. मग हातच्याला जागा उरत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्क ॲशक्राफ्ट यांनी २००१ मध्ये हे प्रयोगाने दाखविले. गणिताची धास्ती असलेल्या विद्यार्थ्यांची साधी बेरीज फारशी बिघडत नाही. हातच्याची बेरीज करतानाच दुसरीही एखादी गोष्ट लक्षात ठेवायची असली की मात्र त्यांच्या चुका खूप वाढतात.

म्हणजे "घरी येतं आणि पेपरात विसरते" ही तक्रार खरी असते. ते विसरणे नसते, कामाची जागाच अडलेली असते. यावर उपाय दोन. भीती कमी करणे हा एक, आणि काही गोष्टी इतक्या हातवळणी करणे की त्यांना ओट्यावर जागाच लागू नये, हा दुसरा. पाढे येतात ते याच कारणासाठी उपयोगी. सात नव्वे त्रेसष्ट हे ज्याच्या तोंडून आपोआप येते, त्याची ती जागा पुढच्या पायरीसाठी मोकळी राहते. आपल्या आजोबांच्या पिढीला तर पावकी, निमकी, सवायकी, दिडकीसुद्धा पाठ असत. तेवढे आज कोणी करावे असे मी म्हणत नाही. पण तीसपर्यंत पाढे हा जुलूम आहे, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.

एका रात्रीत चाळीस

त्या वडिलांनी काय केले होते ते नंतर सविस्तर कळले. समप्रमाणाची वीस उदाहरणे एका दमात, मग व्यस्त प्रमाणाची वीस. पहिल्या दोन उदाहरणांत मुलगी अडली, त्यांनी रीत सांगितली, पुढची अठरा सरळ सुटली. वडील खूश. पण त्या अठरा उदाहरणांत मुलीने एक काम मुळीच केले नव्हते. कोणती रीत लावायची हे तिने ठरवलेच नव्हते. ते मथळ्यातच लिहिलेले होते.

चाचणीच्या कागदावर मथळे नसतात. तेथे एका खाली एक येते. "८ वह्यांना २४० रुपये पडतात, तर १० वह्यांना किती?" आणि "८ मजूर एक काम १५ दिवसांत करतात, तर १० मजूर किती दिवसांत करतील?" दिसायला दोन्ही जुळी भावंडे. पहिल्याचे उत्तर ३०० रुपये. दुसऱ्याला तीच रीत लावली तर उत्तर येते पावणेएकोणीस दिवस, म्हणजे माणसे वाढली आणि कामही लांबले! खरे उत्तर १२ दिवस. लसावि आणि मसाविचेही तसेच. एक घंटा दर १२ मिनिटांनी व दुसरी दर १८ मिनिटांनी वाजते, तर दोन्ही पुन्हा एकदम केव्हा वाजतील, येथे लसावि ३६. एक दोरी ३६ मीटर, दुसरी ४८ मीटर, त्यांचे मोठ्यात मोठे सारखे तुकडे करायचे, येथे मसावि १२. लसावि काढता येणे ही अर्धीच विद्या आहे. लसावि केव्हा काढायचा हे ओळखणे ही उरलेली अर्धी.

म्हणून सरावात प्रकार मिसळावेत. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डग रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातवीच्या ५४ वर्गांत हे करून पाहिले. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही वर्गांना एकाच प्रकारची उदाहरणे सलग असलेल्या सरावपत्रिका दिल्या, काहींना तीच उदाहरणे मिसळून. महिनाभराने न सांगता चाचणी घेतली. मिसळून सराव केलेल्या मुलांचे सरासरी गुण शंभरात ६१, सलग सराव केलेल्यांचे ३८.

येथे पालकांची एक अडचण होते. मिसळलेला सराव करताना मूल जास्त चुकते, हळू चालते, वैतागते. पाहणाऱ्याला वाटते, याला काहीच येत नाही. सलग सरावात सगळे कसे झरझर सुटत असते! पण ती झरझर त्या रात्रीपुरती असते.

दुसरी गोष्ट वेळेची. सोमवारी चाचणी असेल तर आदल्या सोमवारी सुरुवात करावी. रोज अर्धा तास, सात उदाहरणे. त्यांतील तीन चाचणीच्या धड्यांतली, दोन मागच्या महिन्यातली आणि दोन गेल्या इयत्तेतली किंवा जुनी, विसरायला झालेली. सहा दिवसांत बेचाळीस उदाहरणे होतात, म्हणजे त्या वडिलांच्या चाळीसपेक्षा दोन जास्तच. फरक इतकाच की मध्ये पाच रात्रींची झोप झालेली असते. शिकलेले थोडे विसरायला येते, पुन्हा आठवावे लागते, आणि त्या आठवण्यानेच ते पक्के होते. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःच्या स्मरणशक्तीवर प्रयोग करून हे लिहून ठेवले आहे. रविवारी नवे काही नको. चुकांची वही चाळावी आणि खेळायला जाऊ द्यावे.

पुस्तक मिटून, चुका मांडून

सोडवलेले उदाहरण पाहणे आणि उदाहरण सोडवणे यांत पोहताना पाहणे आणि पोहणे इतका फरक आहे. पूर्वी ही चूक गाइडमुळे होत असे, आता तिच्यात मोबाइलची भर पडली आहे. उदाहरणाचा फोटो काढला की रीतीसकट उत्तर समोर येते. मूल ते वाचते, प्रत्येक पायरी पटते आणि "मला कळलं" असे प्रामाणिकपणे सांगते. कळलेले असतेच, पण येत नसते. त्यामुळे नियम असा ठेवावा. रीत पाहायची असेल तर जरूर पाहावी, मग पुस्तक मिटावे, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि तेच उदाहरण कोऱ्या कागदावर पहिल्या ओळीपासून करावे. अडले तर पुन्हा पाहावे, पुन्हा मिटावे.

चुकांबद्दल आम्हा डॉक्टरांची सवय पालकांनी घ्यावी असे वाटते. ताप आला म्हटले की आम्ही आधी कशाचा ताप ते पाहतो. "चुकलं" हे निदान नव्हे. एक स्वस्त शंभरपानी वही घ्यावी आणि चुकलेले प्रत्येक उदाहरण त्यात उतरवून शेजारी कारण लिहावे. बहुतेक चुका तीन घरांत बसतात. आकडा उतरवताना झालेली, म्हणजे ६५ चे ५६. हातचा, चिन्ह, दशांशचिन्ह किंवा एकक सुटलेले. आणि रीतच न कळलेली. पहिल्या दोन प्रकारांवर आणखी वीस उदाहरणे हा उपाय नव्हे. तेथे सुटसुटीत मांडणी, कच्च्या कामासाठी उजवीकडे समास आणि शेवटी ताळा करून पाहणे लागते. तिसऱ्या प्रकाराला मात्र शिक्षकांकडेच जावे, आणि ते चाचणीच्या आधी.

ताळ्यावरून आठवले. उत्तराचा अंदाज आधी करण्याची सवय लावली तर अर्ध्या चुका मूल स्वतःच पकडते. ३/४ अधिक ५/६ या उदाहरणात कित्येक मुले वरचे वर, खालचे खाली मिळवून ८/१० लिहितात. त्यांना एवढेच विचारा, पाऊण भाकरी आणि जवळजवळ एक भाकरी मिळून एकीपेक्षा कमी कशी होईल? लगेच हसतात. मग छेद १२ करून ९/१२ आणि १०/१२, बेरीज १९/१२, म्हणजे एक पूर्णांक ७/१२, हे करण्यात काही कठीण नाही. आणि स्वतःची चूक स्वतः सापडलेल्या मुलाची भीती ज्या वेगाने उतरते, त्या वेगाने माझ्या कोणत्याही गोळीने उतरत नाही.

उदाहरण आधी तोंडी सांगा

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे, तो भाषेचा. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. सदतीस ऐकून ७३ लिहिणारी मुले ढ नसतात, ती ऐकलेल्या क्रमाने लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी वाचनपद्धत आली तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला, हे वाचकांना आठवत असेल. त्या वादात मी पडत नाही. पण त्यामागची अडचण खरी होती.

सेमी इंग्रजीच्या मुलांचा गुंता तर दुहेरी. वडिलांना "पंचवीस चोक शंभर" येते, मुलाला "ट्वेंटी फाइव्ह फोर्स आर हंड्रेड". वडील विचारतात नफा, पुस्तकात असतो प्रॉफिट. दोघेही हुशार आणि दोघेही चिडलेले. त्या मुलीच्या घरी हेच चालले होते.

यावर साधा उपाय आहे. शाब्दिक उदाहरण सोडवण्यापूर्वी मुलाने ते घरच्या भाषेत, गोष्टीसारखे सांगावे, हातात पेन्सिल न घेता. समजा उदाहरण असे आहे. एका दुकानदाराने १५ डझन केळी ४० रुपये डझनाने घेतली. १२ केळी खराब निघाली. उरलेली ४ रुपयांना एक याप्रमाणे विकली, तर शेकडा नफा किंवा तोटा किती? मुलाला सांगू द्या. "त्यानं पंधरा डझन केळी आणली, म्हणजे खिशातून गेले सहाशे. केळी झाली एकशे ऐंशी, त्यातली बारा फेकली, राहिली एकशे अडुसष्ट. चारनं विकली, आले सहाशे बाहत्तर. वर सुटले बाहत्तर." इतके सांगून होईपर्यंत गणित संपत आलेले असते. मग विचारा, शेकडा कशावर काढायचा, गेलेल्या पैशांवर की आलेल्या? गेलेल्या ६०० वर ७२, म्हणजे शेकडा १२. गोष्ट कळलेले मूल येथे चुकत नाही. नुसता आकडा धरून पळणारे मूल ६७२ ने भागते.

हे ऐकायला आईवडिलांना गणित यावे लागत नाही, हा याचा मोठा फायदा. आजीसुद्धा ऐकू शकते. उलट बाजारहाट केलेल्या आजीला नासकी केळी जास्त कळतात.

घरातील मोठी माणसे

आता थोडे कटू लिहितो. "माझंही गणित कच्चंच होतं, हिचंही तसंच" हे वाक्य आई मुलीसमोर सहज बोलून जाते. मुलीला धीर द्यावा हाच हेतू असतो. पण मुलगी त्यातून एवढेच ऐकते की आपल्या रक्तातच नाही. अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास असे सांगतो, की गणिताची धास्ती असलेले पालक वारंवार गृहपाठ घ्यायला बसले तर मुले वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांचीही धास्ती वाढली. तेच पालक फारसे बसले नाहीत तर हे नुकसान दिसले नाही. आपली मुले मोठी आहेत आणि आपले घरही वेगळे आहे. तरी घरचा आपला अनुभव काय फार निराळा आहे? अभ्यास घेता घेता आवाज चढतो, मग "एवढंही येत नाही?" येते, मग शेजारच्या मुलाचे गुण येतात आणि एखादे वेळी हातही उठतो. ज्याला स्वतःचा आवाज आवरत नाही त्याने अभ्यास घेऊ नये. घड्याळ लावून द्यावे, पाण्याचा तांब्या भरून ठेवावा आणि शेवटी वही पाहावी. एवढे पुरे.

घरात गणिताचे नाव निघाले की प्रत्येक वेळी चाचणीच का यावी? देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा ६१७४ हा आकडा रविवारी मुलांबरोबर खेळून पाहावा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि तेथेच गाडी थांबते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तेथे येते. १९४९ मध्ये त्यांनी हे जगासमोर मांडले. हातच्याच्या वजाबाकीचा इतका सराव कोणत्याही स्वाध्यायात होत नाही आणि पोट तर मुळीच दुखत नाही.

झोप, डोळे, न्याहारी

बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञांचे मत आहे. सकाळी सहाला उठायचे तर नवाला दिवा मालवायला हवा. चाचणीच्या आदल्या रात्री साडेअकरापर्यंत जागवून आपण मुलाला चाळीस उदाहरणे देतो आणि ती सोडवण्याचे डोके काढून घेतो. शिकलेले पक्के होण्याचे काम झोपेतच चालते.

उतरवण्याच्या चुका फार होत असतील तर आधी डोळे तपासा. फळ्यावरचे इंग्रजी थ्री आणि एट दुरून सारखेच दिसतात. गणितात "बेफिकीर" ठरलेला एक मुलगा चष्मा लागल्यावर महिन्यात सुधारलेला मी पाहिला आहे. मूल फिकट दिसते, लवकर दमते, लक्ष लागत नाही, तर हिमोग्लोबिन पाहावे, विशेषतः पाळी सुरू झालेल्या मुलींचे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी खिडकीतून टाकू नये, जेवणानंतर घ्यावी. प्रत्येक पोटदुखीला जंताचे औषध मात्र नको.

आणि हे सर्व नीट करूनही सातवीतील मुलाला ४७ मोठे की ७४ हे ठरवायला वेळ लागत असेल, सुटे पैसे मोजता येत नसतील, घड्याळ वाचता येत नसेल, तर ती गणन-अक्षमता असू शकते. तिचा बुद्धीशी संबंध नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात झाला आहे आणि अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. शिक्षकांशी बोलून तपासणी करून घ्यावी. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

चाचणीची सकाळ

त्या सकाळी मुलाला अर्धा तास आधी उठवा, म्हणजे शौचाला घाई होणार नाही. न्याहारी साधी, रोजचीच. भाकरी-दूध, पोहे, उपमा, काहीही चालेल, पण रिकामे पोट नको. रिकाम्या पोटी चहा तर नकोच. रिक्षात बसेपर्यंत "सरळव्याजाचं सूत्र सांग पाहू" हा प्रकार बंद ठेवा.

पेपर हातात आल्यावर आधी तो पूर्ण वाचावा आणि सर्वांत सोपे उदाहरण पहिल्यांदा सोडवावे. पोटात कालवाकालव झाली तर पेन्सिल खाली ठेवून पाच वेळा श्वास घ्यावा आणि घेताना लागला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडावा. याने शरीर शांत होते. मनातील भीती दहा मिनिटे कागदावर लिहून काढली की परीक्षेत फायदा होतो, असे २०११ मध्ये एका प्रयोगात दिसले होते. २०१८ मध्ये तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा फायदा आढळला नाही. म्हणून त्याची मी शिफारस करत नाही. कोणा मुलाला लिहून बरे वाटत असेल तर लिहू द्यावे.

त्या दिवशी त्या मुलीला मी औषध दिले नाही. वडिलांना बाहेर बसवून तिच्याशी दहा मिनिटे बोललो आणि शाळेत पाठवले. चाचणी चुकवली असती तर पोटाला तीच सवय लागली असती. तिला वीसपैकी सहा गुण पडले. त्यानंतर वडील दोनदा येऊन बसले. रोज सात उदाहरणे, पुस्तक मिटून आणि नवाला झोप, हे त्यांनी जरा नाखुशीनेच मान्य केले.

दिवाळीच्या सुटीआधी ती खोकल्यासाठी आली. पुढच्या चाचणीत वीसपैकी अकरा मिळाले होते. त्या दिवशीही सकाळी पोट थोडे दुखलेच होते, पण ती तशीच शाळेत गेली होती. वडील अकरावर फारसे खूश दिसले नाहीत. मी तिला विचारले, "नऊ गुण कुठं गेले गं?" तिने बोटांवर मोजून दाखवले. चार उतरवण्यात, दोन एकक न लिहिल्याने आणि तीन रीतच कळली नाही म्हणून. ते तीन गुणांचे उदाहरण मजुरांचे होते. माझ्या टेबलावरील कागदाच्या पाठीमागे तिने ते सोडवून दाखवले, खाली "१२ दिवस" असे एककासकट लिहिले, आणि मग मी तिचा खोकला तपासला.